झेरॉक्स आणि फेरफार: बॅकअप कशासाठी, व्हर्जन कंट्रोल कशासाठी

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. लातूरच्या मोंढ्यातल्या एका अडतीवर एक शेतकरी दोन पट्ट्या, म्हणजे माल विकल्याची बिलं, घेऊन आला. एक दसऱ्याआधीची, एक नंतरची. माल सोयाबीनच, कट्टे दोन्ही वेळी सारखेच, हमालीचा दरही तोच. तरी दुसऱ्या पट्टीत हमाली दीडपटीहून जास्त कापलेली. शेठनी मला फोन लावला, कारण पट्टी छापणारा प्रोग्राम मी लिहिलेला.

चूक सापडायला पाच मिनिटं लागली. दर क्विंटलवर होता आणि मी मधे कधीतरी, भलतंच काही दुरुस्त करताना, तो कट्ट्यांच्या संख्येनं गुणायला लावला होता. साठ किलोच्या कट्ट्याला शंभर किलोची हमाली. खरा प्रश्न पुढचा होता: हे कोणत्या तारखेपासून चाललंय? तेवढ्या सगळ्या शेतकऱ्यांचे पैसे परत द्यायचे होते. आणि माझा शहाणपणा असा, की हमालीची रक्कम मी कुठं साठवतच नव्हतो, ती छापताना काढली जायची.

माझ्याकडं बॅकअप होता. रोज रात्री आपोआप होणारा, सात दिवसांच्या सात प्रती. आठव्या दिवशी सगळ्यात जुनी प्रत पुसली जायची. सातही प्रती उघडल्या. सातहीत ती चूक जशीच्या तशी, नीट जपून ठेवलेली! शेवटी कार्बनची पट्टीबुकं आणि कॅल्क्युलेटर घेऊन दोन रात्री बसलो, तेव्हा तारीख सापडली.

माझा भाचा यंदा बीसीएला गेलाय. परवा त्यानं विचारलं, "मामा, बॅकअप हाय की आपला, मग हे गिट कशाला शिकायलोय?" गिट म्हणजे फाइलींतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा प्रोग्राम; अशा नोंद ठेवण्यालाच व्हर्जन कंट्रोल म्हणतात. भाच्याला जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहितो. कॉम्प्युटरवर नुकतंच काम सुरू केलेल्या कुणालाही चालेल, मग तुम्ही प्रोग्राम लिहा, शिकवणीच्या प्रश्नपत्रिका टाइप करा, नाहीतर डीटीपीचं दुकान चालवा.

आधी फरक समजून घ्या

आपल्याकडं प्रत्येकाला सातबारा कळतो, म्हणून तिथूनच सुरुवात करू. सातबाऱ्याची झेरॉक्स काढून मामाच्या गावी ठेवली, तर तो झाला बॅकअप. घरातला कागद उंदरानं कुरतडला, पावसात भिजला, तरी दुसरा आहे. पण झेरॉक्स मशीन काही विचारत नाही. सातबाऱ्यावर नाव चुकलेलं असेल तर झेरॉक्सवरही चुकलेलंच येणार.

फेरफाराची नोंद वेगळी. गाव नमुना सहा उघडला की प्रत्येक बदलाला क्रमांक आहे, तारीख आहे, काय बदललं ते आहे, आणि कशाच्या आधारे बदललं तेही आहे: खरेदीखत, वारस, वाटणी. खाली प्रमाणित करणाऱ्याची सही. नोंद चुकली म्हणून कुणी रजिस्टरचं पान फाडत नाही. आदेश होतो, नवी नोंद पडते, जुनी तिथंच राहते. म्हणून बांधाचा वाद निघाला की वकील आजच्या सातबाऱ्यावर थांबत नाही. एकेक फेरफार मागं जात तो १९५४-५५ च्या खासरा पत्रकापर्यंत पोचतो. हे व्हर्जन कंट्रोल.

आता दोन्हींची दुबळी बाजू बघा. फेरफाराचं रजिस्टर एकच असेल आणि ज्या खोलीत ते आहे तिथं पाणी शिरलं, तर सगळा इतिहास गेला. आणि झेरॉक्सचे गठ्ठे कितीही असले, तरी हे नाव कधी आणि का बदललं याचं उत्तर त्यात नाही. बॅकअप वस्तू परत आणून देतो. व्हर्जन कंट्रोल तिची हकिकत सांगतं.

पहिली पायरी: आपल्याकडं काय काय आहे ते बघा

एक कोरा कागद घ्या आणि तीन ढीग पाडा. पहिल्या ढिगात तुम्ही स्वतः लिहिलेला साधा मजकूर: प्रोग्राम, वेबसाइटच्या फाइली. दुसऱ्यात रोज भर पडणारा डेटा: टॅली या हिशेबाच्या प्रोग्राममधला डेटा, ग्राहकांची यादी, डेटाबेस. तिसऱ्यात जड वस्तू: फोटो, व्हिडिओ, पेजमेकर आणि कोरलच्या फाइली, स्कॅन केलेली कागदपत्रं.

बॅकअप तिन्ही ढिगांचा. व्हर्जन कंट्रोल मुख्यतः पहिल्याचं. एवढं पक्कं झालं की निम्मा गोंधळ मिटतो.

दुसरी पायरी: बॅकअप आपोआप होऊ द्या

हातानं करायचा बॅकअप होत नाही. पहिले आठ दिवस होतो, मग लग्नसराई येते. म्हणून तो मशीनवर सोपवा.

विंडोजमध्ये फाइल हिस्टरी नावाची सोय विंडोज ८ पासून आहे. बाहेरची हार्ड डिस्क जोडा, कंट्रोल पॅनेलमध्ये सिस्टम अँड सिक्युरिटी या भागात फाइल हिस्टरी उघडा आणि ती चालू करा. मुळात ती दर तासाला बदललेल्या फाइलींची प्रत घेते. हवं तर दर दहा मिनिटांनी किंवा दिवसातून एकदा असं बदलता येतं. मॅकवर हेच काम टाइम मशीन करतं: मागच्या चोवीस तासांच्या तासातासाच्या प्रती, मागच्या महिन्याच्या रोजच्या, आणि त्याआधीच्या आठवड्याच्या.

इथं आपल्या भागातली एक हमखास चूक सांगतो. दुकानात कुणालाही विचारा, "डेटा कुठं ठेवता?" उत्तर येतं, "डी ड्राइव्हला, सेफ आहे." विंडोज नव्यानं टाकताना सी ड्राइव्ह फॉरमॅट होतो आणि डी वाचतो, त्यावरून हा समज पडला. पण बहुतेक मशीनमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. एकाच वावरात मधे बांध घातला म्हणून गारपीट पलीकडं पडायची थांबते का? डिस्क गेली की दोन्ही गेले. शिवाय फाइल हिस्टरी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा ठरावीक जागाच बघते. डी ड्राइव्हवरचं तुमचं फोल्डर ती आपणहून घेत नाही, ते लायब्ररीत समाविष्ट करावं लागतं. मी तीन-चार दुकानांत बघितलं: डिस्क विकत आणलेली, फाइल हिस्टरी चालू, आणि तिच्यात फक्त डेस्कटॉपवरचे गणपतीचे फोटो.

दुसरी गोष्ट विजेची. रात्री दोनची वेळ लावून ठेवलेला बॅकअप, दोनला लाईट नाही, मशीन बंद. विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीतून, बॅकअप लावला असेल तर त्याच्या सेटिंग्जमध्ये एक खूण आहे: ठरलेली वेळ चुकली तर शक्य तितक्या लवकर काम चालवा. ती खूण आधी करा. मी तर रात्रीची वेळच काढून टाकली आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीतली लावली.

तिसरी गोष्ट आरसा-प्रतीची. काही जण रोबोकॉपी या विंडोजमधल्या कॉपी करायच्या आदेशानं बॅकअप घेतात आणि इंटरनेटवर सापडलेली मिररची खूण लावून मोकळे होतात. ती खूण काय करते? मूळ फोल्डरमध्ये जे नाही ते प्रतीतूनही पुसते. सकाळी चुकून फोल्डर उडालं, दुपारी बॅकअप चालला, की प्रतही रिकामी. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या सिंकचा स्वभाव असाच: इकडं पुसलं की तिकडंही पुसलं. कचरापेटी आहे, पण गूगल ड्राइव्हची पेटी तीस दिवसांनी रिकामी होते, आणि वर्ड-पीडीएफसारख्या फाइलींच्या जुन्या आवृत्त्याही सहसा तीस दिवस किंवा शंभर आवृत्त्या एवढ्याच राहतात. सोयाबीनच्या हंगामातली चूक हरभऱ्याच्या हंगामात कळली तर काय?

तिसरी पायरी: प्रत दुसऱ्या छपराखाली

तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक बाहेरगावी, असा नियम जगभर सांगतात. तो पीटर क्रोग या छायाचित्रकारानं रूढ केला. लातूरकरांना हे शिकवायला नको. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हापासून इथल्या प्रत्येक घरात छतावर टाकी, दारात पिंप आणि बोअरवाल्या शेजाऱ्याशी गोड बोलणं, असं तिहेरी धोरण आहेच. तेच डेटाला लावा.

बाहेरची प्रत का, तर २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात नद्यांनी काय केलं ते आपण बघितलं. टेबलावर मशीन आणि टेबलाच्या कप्प्यात बॅकअपची डिस्क असेल तर पाणी दोघांना वेगळं धरत नाही. चोरही धरत नाही. आणि सतत जोडलेली डिस्क खंडणीखोर व्हायरसपासूनही वाचत नाही: २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय पसरला तेव्हा त्यानं मशीनला जोडलेल्या ड्राइव्हवरच्या फाइलींनाही कुलूप लावलं.

म्हणून दोन डिस्क घ्या. एक दुकानात, एक घरी, दर शनिवारी अदलाबदल. इंटरनेट बरं असेल तर महत्त्वाचं तेवढं क्लाउडवर. गूगल खात्याबरोबर पंधरा जीबी फुकट मिळते आणि हिशेबाच्या फाइलींना ती पुष्कळ झाली. टॅलीप्राइममध्ये वरच्या डेटा मेनूत बॅकअपचा पर्याय आहे, टॅलीसाठी तोच वापरा. टॅली चालू असताना नुसतं फोल्डर उचलून कॉपी केलं, तर अर्धवट लिहिलेल्या फाइली येऊ शकतात.

चौथी पायरी: एक फाइल परत आणून बघा

ही पायरी सगळे गाळतात. गाळणाऱ्यांत मोठे लोकही आहेत. गिटलॅब ही कंपनीच मुळी व्हर्जन कंट्रोलची सेवा देणारी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांच्या थकलेल्या इंजिनियरनं दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचं डेटाबेसचं फोल्डर पुसायला लावलं. हात मागं घेईपर्यंत सुमारे तीनशे जीबीतले साडेचारच उरले होते. मग बॅकअप शोधायला लागले. रोजचा बॅकअप घेणारं साधन चुकीच्या आवृत्तीचं होतं, त्यामुळं ते कधीपासून अपयशी ठरत होतं आणि साठवणीची जागा रिकामी. ते अपयश कळवणारे ईमेल पोचतच नव्हते. डेटाबेसच्या सर्व्हरसाठी डिस्कचे स्नॅपशॉट, म्हणजे त्या-त्या क्षणाच्या प्रती, चालूच केलेले नव्हते. शेवटी त्याच इंजिनियरनं सहा तास आधी, भलत्याच कामासाठी, हातानं घेतलेली एक प्रत उपयोगी पडली. सहा तासांचं काम गेलं ते गेलंच.

या घटनेत आपल्या विषयाचं मर्म आहे. लोकांचे प्रोग्राम, म्हणजे गिटमधला भाग, शाबूत राहिले. गेल्या त्या डेटाबेसमधल्या चर्चा, तक्रारी, नवी खाती. व्हर्जन कंट्रोल घरचंच असूनही डेटाबेसला बॅकअपच लागतो.

तर महिन्यातून एकदा बॅकअपमधली कुठलीही एक फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये परत आणा आणि उघडून वाचा. मूळ फाइलीवर टाकू नका, नाहीतर परीक्षेतच अपघात.

पाचवी पायरी: गिट सुरू करा

गिट २००५ साली लिनस टोरवाल्ड्सनं, म्हणजे लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टम सुरू करणाऱ्यानं, बनवलं. लिनक्सचं काम ज्या व्यावसायिक साधनावर चालायचं, त्याची फुकट वापराची परवानगी काढून घेतली गेली, म्हणून त्यानं स्वतःचं लिहिलं. आज जगातला बहुतेक प्रोग्रामर तेच वापरतो. फुकट आहे.

गिट मशीनवर टाका. पुढचे आदेश मी नागरीत लिहितोय, आदेश टाइप करायच्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) ते इंग्रजी अक्षरांत टाइप करा. सुरुवातीला गिट कॉन्फिग वापरून आपलं नाव आणि ईमेल एकदाच सांगायचं. प्रत्येक नोंदीवर तीच तुमची सही. मग प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये जाऊन गिट इनिट. आत डॉट गिट नावाचं एक लपलेलं फोल्डर तयार होतं. तेच तुमचं रजिस्टर. त्याला हात लावू नका.

काम करा. नोंद घ्यावीशी वाटली की गिट स्टेटसनं काय बदललं ते बघा, गिट ॲडनं त्यातलं काय नोंदवायचं ते निवडा, आणि गिट कमिटनं नोंद टाका. कमिट करताना संदेश लिहावा लागतो आणि सगळी गंमत तिथंच आहे. "बदल केला", "अपडेट", "फायनल" असले संदेश म्हणजे फेरफारात "मालक बदलला" एवढंच लिहिण्यासारखं. का बदललं ते लिहा. मराठीत लिहिलं तरी चालतं. खिडकीत जोडाक्षरं कधीकधी तुटकी दिसतात, पण नोंद शाबूत असते. माझा एक संदेश असा आहे: "तोलाईत पैसे पूर्णांकात केले, शेठ म्हणाले सुटे नाहीत." चार वर्षांनी वाचला तरी सगळं डोळ्यांपुढं येतं.

एक बदल, एक नोंद. हमालीची दुरुस्ती आणि पट्टीच्या डोक्यावरचा लोगो एकाच कमिटमध्ये कोंबू नका. मी तेच केलं होतं, तेव्हा गिटशिवाय.

प्रत्येक कमिटला चाळीस अक्षरांची खूण मिळते आणि ती काढताना आधीच्या कमिटची खूणही हिशेबात धरलेली असते. म्हणून जुन्या नोंदीत कुणी गुपचूप खाडाखोड केली, तर तिच्यापुढच्या सगळ्या खुणा बदलतात आणि चोरी उघडी पडते. फेरफाराच्या रजिस्टरला असं काही असतं, तर आपली कितीतरी कोर्टं ओस पडली असती. असो.

सहावी पायरी: मागं जायला शिका

गिट लॉग म्हणजे नोंदींची यादी. गिट डिफ म्हणजे आत्ताच्या आणि आधीच्या मजकुरात ओळीओळीचा फरक. गिट ब्लेम एखाद्या ओळीसमोर ती कुणी आणि कधी बदलली ते लिहून देतं. माझ्या हमालीच्या ओळीवर हा आदेश चालवला असता तर तारीख लगेच मिळाली असती. त्या तारखेपासूनच्या पट्ट्यांची यादी डेटाबेसमधून काढायची आणि फरकाची रक्कम वाटायची. तारीख गिटकडून, पट्ट्या डेटाकडून. दोन रात्रींचं काम चहा गार व्हायच्या आत.

चुकीची नोंद रद्द करायची तर गिट रिव्हर्ट. तो जुनी नोंद पुसत नाही, तिला उलटवणारी नवी नोंद टाकतो. गिट रिसेट हार्ड हा मात्र पान फाडणारा आदेश आहे. पहिलं वर्षभर त्याच्या वाटेला जाऊ नका.

आणि एक सापळा. गिट रिस्टोअर लावला की फाइल शेवटच्या नोंदीसारखी होते, आणि नोंदीनंतर तुम्ही चार तास केलेलं काम नाहीसं होतं. गिटला फक्त तुम्ही नोंदवलेलंच माहीत असतं. भाच्यानं पहिल्याच आठवड्यात हे केलं. तोंड बारीक करून आला, "मामा, सगळं गेलं." गिटमधून काही मिळणार नव्हतं. फाइल हिस्टरीत तासाभरापूर्वीची प्रत सापडली. गिट असलं तरी बॅकअप कशाला, हे त्याला वेगळं सांगावं लागलं नाही.

सातवी पायरी: रजिस्टरचीही प्रत ठेवा

गिटच्या नोंदी इंटरनेटवर ठेवणाऱ्या गिटहबवर किंवा गिटलॅबवर खातं काढून खासगी रिपॉझिटरी, म्हणजे फक्त तुम्हाला दिसणारं रजिस्टर, बनवा आणि गिट पुश या आदेशानं नोंदी तिकडं पाठवा. मग नोंदींचा अख्खा इतिहास दुसऱ्या छपराखाली जातो. पण फक्त नोंदवलेल्याचा. पासवर्ड असलेली फाइल आपण डॉट गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटनं काय सोडून द्यायचं त्या यादीत, घालून मुद्दाम बाहेर ठेवतो, आणि ठेवलीच पाहिजे: एकदा पासवर्ड कमिट झाला की पुढच्या कमिटमध्ये पुसला तरी इतिहासात दिसतो, तो बदलण्यावाचून इलाज नाही. अशी फाइल गिटहबवर नाही, म्हणून ती तुमच्या डिस्कच्या बॅकअपमध्ये आहे ना ते बघा.

डॉट गिट असलेलं फोल्डर गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या सिंकमध्ये ठेवू नका. गिट आणि सिंक या दोघांची त्यात एकाच वेळी लिहायची झोंबाझोंबी होते आणि रजिस्टर बिघडतं. जड फाइलीही गिटमध्ये नकोत. गिटहब शंभर एमबीच्या वरची फाइल घेतच नाही.

डीटीपीवाल्यांसाठी दोन शब्द

पेजमेकर, कोरल, वर्डच्या फाइली गिटमध्ये ठेवता येतात, पण फरक वाचता येत नाही. "फाइल बदलली" एवढंच कळतं. श्रीलिपीच्या जुन्या फाँटमधला मजकूर साध्या फाइलीत काढला तर फरकाच्या जागी अगम्य खुणांची रांगोळी दिसते. तिथं गिटचा हट्ट सोडा. "पत्रिका फायनल", "पत्रिका फायनल नवी", "पत्रिका हीच घ्यावी" ही नावंही सोडा. नावात वर्ष-महिना-दिवस या क्रमानं तारीख घाला, म्हणजे फोल्डरमध्ये आपोआप क्रमानं लागतात, आणि त्याच फोल्डरात एका साध्या मजकूर फाइलीत लिहा: आज काय बदललं, कुणाच्या सांगण्यावरून. नवरदेवाच्या आत्याचं नाव कुणी काढायला लावलं, हे लग्नानंतर तुम्हालाच विचारलं जाणार आहे.

शेवटी बॅकअपच्या दोन्ही डिस्कवर पांढरी चिकटपट्टी लावा आणि पेननं दोन तारखा लिहा: प्रत शेवटची कधी घेतली, आणि तिच्यातून फाइल काढून शेवटची कधी वाचली. माझ्या घरच्या डिस्कवरची दुसरी तारीख आज बघितली, तीन महिन्यांपूर्वीची निघाली. हे लिहून झालं की तीच आधी जोडतो.